धक्का नसलेल्या बंदरी उतरताना
गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत काही बंदरांच्या नावांपुढे ‘टेंडर’ अशी बारीक अक्षरांतली नोंद असते, आणि बहुसंख्य प्रवासी तिच्याकडे दुर्लक्ष करून शेजारच्या रकान्यातील आगमन-निर्गमनाच्या वेळांवरच आपल्या दिवसाची सारी उभारणी करतात. ज्या बंदरात जहाज धक्क्याला न लागता समुद्रातच उभे राहते आणि उतारूंना लहान बोटींतून किनाऱ्यावर पोचवले जाते, तेथे छापील वेळा ह्या जहाजाच्या असतात. उतारूच्या हाती येणारा वेळ त्याहून बराच कमी असतो. ग्रीसमधील सॅन्टोरिनी हे अशा बंदरांतील सर्वांत प्रसिद्ध बंदर, आणि तेथे होणाऱ्या निराशेचे मूळ बहुधा याच हिशेबात सापडते.

अशा ठिकाणी धक्का नसतो तो स्थानिक कारभाराच्या अनास्थेमुळे, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु सॅन्टोरिनी म्हणजे ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकानंतर खचलेल्या आणि सागराने भरून टाकलेल्या विवराची कड आहे, तिचे कडे पाण्यातून जवळजवळ सरळ वर चढतात, आणि विवराचा तळ काही ठिकाणी 390 मीटरच्या आसपास खोल असल्याने नांगर धरायलाही जागा सापडत नाही. म्हणून बहुतेक मोठी जहाजे तेथे इंजिनाच्या बळावर जागच्या जागी तोलून धरली जातात. मध्य अमेरिकेतील बेलीझ शहरापाशी कारण नेमके उलट आहे: तेथे पाणी उथळ आणि प्रवाळांनी व्यापलेले, त्यामुळे जहाजांना किनाऱ्यापासून काही मैल दूरच थांबावे लागते. आपल्याकडे कोकणच्या आगबोटींतून मालवण-वेंगुर्ल्याला उतरणाऱ्या चाकरमान्यांना पडावात पाय टाकूनच किनारा गाठावा लागे, आणि पावसाळ्यात ती वाहतूक मुळातच बंद असे. त्या पिढीला हे सारे समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

जहाज सकाळी आठला पोचले म्हणजे आपण सव्वाआठला बेटावर असू, हा हिशेब तर सर्रास केला जातो. प्रत्यक्षात स्थानिक अधिकाऱ्यांनी जहाजाला मोकळीक दिल्याखेरीज कोणालाही उतरण्याची मुभा नसते. मग जहाजाच्या स्वतःच्या सहलींचे उतारू आधी सोडले जातात, आणि उरलेल्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन आपला पुकारा होईपर्यंत तिष्ठावे लागते. दोन-तीन हजार उतारूंना शे-दीडशेच्या तुकड्यांनी हलवायचे, तर त्याला लागेल तो वेळ लागणारच. स्वतंत्रपणे सहल ठरवणाऱ्याने वाटाड्याची पहिली भेट जहाजाच्या आगमनानंतर निदान दीड-दोन तासांनी ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सॅन्टोरिनीत याहून घातक ठरतो तो उतरण्याच्या जागेविषयीचा घोटाळा. बेटावर बंदरे दोन आहेत. पिरेअसहून येणाऱ्या फेरीबोटी लागतात ते अथिनिओस, जेथून मोटाररस्ता वर जातो. आणि फिरा गावाच्या थेट पायथ्याशी असलेले जुने बंदर, जेथे मोटाररस्ता नाहीच. जहाजाच्या सहलीच्या उतारूंना बहुधा अथिनिओसला नेऊन तेथे उभ्या असलेल्या बसमध्ये बसवतात. स्वतंत्र उतारूंना मात्र स्थानिक नावाड्यांच्या बोटी जुन्या बंदरात सोडतात. घरी बसून, नकाशावर ‘बंदर’ असे पाहून, मोटारवाल्याला अथिनिओसला बोलावणारा गृहस्थ अशा वेळी एका बंदरात आणि त्याची गाडी दुसऱ्या बंदरात, अशी अवस्था होते. म्हणून भेटीची जागा फिरा येथील केबल कारच्या वरच्या स्थानकापाशी ठरवणे हेच शहाणपणाचे.

त्या स्थानकापर्यंत पोचणे हेही वेळखाऊ काम आहे. फिरा समुद्रापासून सुमारे 220 मीटर उंचीवर. वर जाण्यास 1979 साली बांधलेली केबल कार, नाहीतर सहाशेच्या घरातल्या पायऱ्या, नाहीतर त्याच पायऱ्यांवरून चालणारी खेचरे. उन्हाळ्यात त्या मुक्या जनावरांवर बसून वर जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. केबल कारचा प्रवास अवघ्या काही मिनिटांचा, पण एकाच दिवशी चार-पाच जहाजे आली असता तिची रांग तासाच्या पुढे जाते, आणि परतीच्या वेळी तर सर्व जहाजांचे उतारू एकाच दाराशी लोटतात. त्या तारखेस किती जहाजे येणार आहेत, हे बंदराच्या वेळापत्रकात आगाऊ पाहता येते. ते अवश्य पाहावे.

इया येथील सूर्यास्त पाहण्याची हौस या हिशेबावर घासून घ्यावी. जूनअखेरीस तेथे सूर्य साडेआठ उलटून गेल्यावर मावळतो. जहाज नऊला सुटणार असेल, तर शेवटची बोट साधारणतः अर्धा ते एक तास आधी निघते, आणि इया ते फिरा सुमारे 11 किलोमीटरचा रस्ता व केबल कारची रांग त्याहीआधी पार पाडायची असते. म्हणजे अशा दिवशी इयाचा सूर्यास्त पदरात पडणे शक्यच नाही, मग जाहिरातीत काहीही चित्र छापलेले असो. तसेच उत्तर टोकाचे इया आणि दक्षिणेकडील आक्रोतिरीचे प्राचीन अवशेष, जेथे स्पिरिडॉन मारिनातोस यांनी 1967 साली उत्खनन आरंभले, ही दोन्ही एका दिवसात उरकू पाहणाऱ्याने त्यांतले एकच निवडावे; माझा कौल आक्रोतिरीला.

जहाज आपल्यासाठी थांबेल, हा भरवसा केवळ जहाजाच्या सहलीवर गेलेल्यांनी धरावा. इतरांसाठी ते थांबत नाही. पुढचे बंदर गाठण्याचा खर्च ज्याचा त्याला सोसावा लागतो. जहाजाच्या दैनिक पत्रकावर बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो, तो कागद आणि पारपत्राची प्रत खिशात असू द्यावी.

आभाळ निरभ्र आहे म्हणजे बोटी चालणारच, असेही कोणी धरून चालू नये. एजियन समुद्रावर जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचे उत्तरेचे वारे लखलखीत उन्हातच जोर धरतात, आणि बोट व जहाज यांच्यातील फळी लाटेसरशी हातभर वर-खाली होऊ लागली की कप्तान उतरणे रद्द करतो. त्या हुकुमावर अपील नाही. अशा वेळी जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. खाजगी सहलीचे मिळतात की नाही, हे करारातील अटींवर ठरते, आणि जहाज न आल्यास पूर्ण परतावा देण्याचे लेखी कबूल करणारेच व्यवस्थापक निवडावेत.

वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही फळी विशेष ध्यानात घ्यावी. खलाशी दोन्ही बाजूंनी दंड धरतात, तरी ते एक पाऊल ज्याचे त्यालाच टाकावे लागते. जड विद्युत चाकखुर्ची बहुतेक कंपन्या टेंडर बोटीत घेत नाहीत, आणि हलकी, मिटणारी खुर्ची घेण्याचा निर्णयही त्या दिवसाचा समुद्र पाहून होतो. याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करावी, कारण जहाजावर चढल्यानंतर तेथील अधिकाऱ्यांना इच्छा असूनही फारसे काही करता येत नाही.