हवेतले नत्र, पाकिटातले जिवाणू
बदलते हवामान, बदलती शेती : लेखांक ६

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. जैवतंत्रज्ञान म्हटले की वऱ्हाडात आजही हाच वाद निघतो. हवामानाच्या हिशेबात मला मात्र कृषी केंद्राच्या कोपऱ्यात पडून असलेले रायझोबियम या नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचे पाव किलोचे पाकीट जास्त मोलाचे वाटते.

युरिया हवेतल्या नत्रापासूनच होतो. पण त्यासाठी नैसर्गिक वायू लागतो, चारशे अंशांच्या वरचे तापमान आणि प्रचंड दाब लागतो. वावरात पडल्यावर त्याचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. तेच नत्र जिवाणू मातीच्या तापमानाला, झाडाने दिलेल्या साखरेवर बांधतात.

पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी सोयाबीनचे एक झाड काढून बघा. उपटू नका, हे जिवाणू राहतात त्या मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. खुरप्याने ढेकळासकट काढून मुळे पाण्यात हलवा. मग एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. नत्र बांधणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवते आणि जिवाणूंना श्वासापुरताच पुरवते. गाठ पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती नुसती बसून खाते आहे.

तूर इथलीच, तिचे जिवाणू आपल्या मातीत होतेच. सोयाबीन बाहेरून आले. त्याला ब्रॅडीरायझोबियम हे जिवाणू लागतात, तुरीचे पाकीट चालत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची बीजप्रक्रियेची शिफारस जुनीच आहे. तरी गाठी का धरत नाहीत? मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पाकिटातले जिवाणू पेरणीआधीच मेलेले असतात. काही जण बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवतात. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर शेवटी जिवाणू, मग सावलीत वाळवून लगेच पेरणी, हा क्रम सुटतो. आणि पीक जरा पिवळे दिसले की युरियाची मूठ. आयते नत्र मिळाले की झाड गाठी पोसणेच थांबवते. पाकीट जिवंत नाही आणि दोष मात्र तंत्राला, असे होते.

ब्राझीलने हे काम नेटाने केले. तिथे सोयाबीनला नत्रखत जवळजवळ देतच नाहीत. बियाण्याला जिवाणू चोळणे हा पेरणीचाच भाग. त्यामागे अनेक दशके खपलेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

सोयाबीन जमिनीत भरपूर नत्र मागे ठेवते, हा गैरसमज मात्र काढायला हवा. सोयाबीनने बांधलेले बरेचसे नत्र दाण्यातून बाजार समितीत जाते; मागे फार उरत नाही. रब्बीच्या हरभऱ्याला पुन्हा वेगळे पाकीट लागते. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.