येळवशीची पंगत आणि वजनाची धास्ती

लातूर परिसरात वेळा अमावस्येला, म्हणजे बोलीतल्या येळवशीला, शेतात भज्जी, उंडे, आंबील आणि खीर वाढली जाते, तेव्हा वजन कमी करणाऱ्या माणसाला भुकेपेक्षा पथ्य मोडण्याची धास्तीच अधिक छळते, आणि यजमानाचा आग्रह मोडवत नसल्याने ती दुणावते. या धास्तीच्या मुळाशी ‘सर्व किंवा शून्य’ हा विचारदोष असतो, ज्यात दोन घास अधिक गेले की महिन्याभराचे कष्ट वाया गेले असे वाटू लागते. वस्तुतः एक किलो मेद साठण्यास सुमारे ७,७०० कॅलरी जादा लागतात, आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसणारी वाढ बहुतांशी पाण्याची असते, कारण मीठ पाणी धरून ठेवते आणि ग्लायकोजेन, म्हणजे यकृत व स्नायूंतील कर्बोदकांचा साठा, दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी बाळगतो. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून पुढे नेलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत वादातीत नाही. तरीही पंगतीलाच दोहोंपैकी एक जेवण मानता येते, ही तिची मोठी सोय होय. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून ही पद्धत मुळीच अवलंबू नये. राहता राहिला आग्रह, तर नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये आधी थोडे घेऊन मग पुन्हा मागता येते. हीच रीत लग्नघरी वा खानावळीत पाळल्यास आग्रहाचा मान राहतो आणि ताटही आपल्या हाती राहते.