परसातली भिंत : हिशेब दगडांचा आणि पाण्याचा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भिंतीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु अंदाजपत्रक हा आमच्याच अभ्यासाचा विषय. मराठीतल्या ‘अंदाजा’ला कन्नडमध्ये ‘अंदाजु’ म्हणतात. तो चुकला की भुर्दंड मात्र दोन्हींकडे सारखाच!

आमचे परसू उतारावर आहे. बेळगावच्या पावसात तिथली माती खालच्या गल्लीत वाहून जाते. म्हणून यंदा माती अडवणारी दगडी भिंत बांधायचे घरात ठरले आणि सामानाची यादी करण्याचे काम वडिलांनी माझ्याकडे दिले.

प्रथम मापे घेतली. लांबी ३० फूट, जमिनीवरील उंची ३ फूट, पाया १ फूट खोल. अशी भिंत मातीला अडवते ती स्वतःच्या वजनाने. म्हणून तळाची रुंदी पायासह एकूण उंचीच्या निम्मी, म्हणजे २ फूट धरली. माथा दीड फूट आणि पाया अडीच फूट रुंद. पायाचे बांधकाम ३० × २.५ × १ = ७५ घनफूट. वरच्या भागाची सरासरी रुंदी पावणेदोन फूट, म्हणून ३० × १.७५ × ३ = १५७.५ घनफूट. एकूण २३२.५ घनफूट.

डबर ब्रासवर मिळतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मात्र रचलेल्या ढिगात पोकळी असते आणि घडताना तुकडेही निघतात. म्हणून चौथा हिस्सा जास्त धरावा. तेव्हा डबर सुमारे ३ ब्रास लागेल. गाडी रिकामी झाली की ढीग नीट रचून फुटपट्टीने मोजून घ्यावा.

डबराच्या बांधकामात साधारण तिसरा हिस्सा मसाल्याचा असतो, म्हणजे सुमारे ७८ घनफूट. कोरडे सामान कालवल्यावर आकसते, म्हणून ते १०० घनफूट धरावे. एकास सहा प्रमाणाने त्यात सिमेंट सुमारे १४ घनफूट व वाळू ८६ घनफूट. ५० किलोच्या पोत्यात सुमारे सव्वा घनफूट सिमेंट असते. म्हणजे १२ पोती. वाळू सांडलवंडीसह १ ब्रास.

यादी इथे संपली असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता भिंतीचे आयुष्य पुढच्या दोन कलमांवर अवलंबून असते : खडी आणि पाइप. पाऊस मुरून भिंतीमागे पाणी साठले की मातीच्या रेट्यात पाण्याच्या रेट्याची भर पडते. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलो. ३ फूट पाणी तुंबले तर भिंतीच्या प्रत्येक फूट लांबीवर केवळ पाण्याचाच रेटा सुमारे १२७ किलो होतो. ३० फुटांवर तो पावणेचार टनांहून अधिक. कोरड्या मातीच्या रेट्याच्या दुपटीहून अधिक भार भिंतीवर येतो. कित्येक भिंती उन्हाळ्यात ताठ उभ्या राहून पावसाळ्यात पुढे कलतात, त्याचे कारण बहुधा हेच.

उपाय सोपा आहे. भिंतीमागे फूटभर रुंदीची खडी भरावी आणि वर अर्धा फूट माती टाकावी. ३० × १ × २.५ = ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. तळाजवळ दर ५ फुटांवर बाहेर उतरता पाइपाचा तुकडा बसवावा. ६ तुकडे, प्रत्येकी सुमारे २ फूट, एकूण १२ फूट पाइप. मसाला चांगला आवळल्यावरच मागची भरणी करावी, आणि तीही थर देऊन, धुम्मस करून.

खर्च आवळायचा झाला की पहिली काट याच दोन कलमांवर मारली जाते, कारण ती बाहेरून दिसत नाहीत. आमच्याकडेही गवंड्याने तसे सुचवले होते. मी वडिलांना हिशेब दाखवला : भिंत कोसळली तर डबर पुन्हा वापरता येईल, पण १२ पोती सिमेंट, वाळू आणि सगळी मजुरी बुडेल; शिवाय खालच्या गल्लीतून मुले शाळेला जातात. पाऊण ब्रास खडी यादीत राहिली.

आपल्या घरी असे काम निघाल्यास मापे बदलून हीच रीत वापरावी. दर मात्र बाजारात विचारूनच लिहावेत. भिंत ४ फुटांहून उंच असेल किंवा वर घराचा भार येत असेल, तर इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय पाया खणू नये.