न दिसणारे सिंह

विज्ञानकथेचं नाटक करायचं ठरलं की तालमीच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, ‘हे दाखवायचं कसं?’ अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांच्यापुढे हा प्रश्न सिंहांच्या रूपाने आला. त्यांची ‘द वेल्ट’ ही कथा १९५० साली ‘सॅटरडे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये आली होती. पीटर आणि वेंडी ही भावंडं मनात आणतील ते त्यांच्या खोलीच्या भिंतींवर जिवंत होतं. त्यांच्या मनात आफ्रिकेचं माळरान येतं, त्यावर सिंह येतात, आणि शेवटी ते सिंह आईबापांचाच घास घेतात. कागदावर अंगावर काटा आणणारा हा शेवट रंगमंचावर हास्यास्पद व्हायला एक गचाळ सोंग पुरेसं होतं.

१९६४ साली ब्रॅडबरींनी लॉस एंजेलिसमध्ये ‘पँडेमोनियम थिएटर कंपनी’ काढली, तीही पदरचे पैसे घालून. दिग्दर्शक चार्ल्स रोम स्मिथ, नाट्यगृह कोरोनेट. याच कोरोनेटच्या रंगमंचावर १९४७ साली नट चार्ल्स लॉटन यांनी ब्रेख्तचा गॅलिलिओ उभा केला होता. ‘द वर्ल्ड ऑफ रे ब्रॅडबरी’ या नावाखाली एका संध्याकाळी तीन एकांकिका होत, त्यांतली एक ‘द वेल्ट’. सिंह त्यांनी प्रकाशावर आणि आवाजावर सोपवले. आईबापांच्या चेहऱ्यावरची भीती खरी उतरली की प्रेक्षक आपापला सिंह स्वतःच उभा करतो, यावर त्यांचा विश्वास होता. एका बाकड्यावर राजाचा दरबार भरवणारा दशावतार पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

दुसरी एकांकिका होती ‘द पेडेस्ट्रियन’. तिचा उगम अगदी खरा आहे. ब्रॅडबरी एका रात्री मित्राबरोबर विल्शायर बुलेव्हारवरून चालले होते. पोलिसांची गाडी थांबली, चौकशी झाली. नुसतं चालणाऱ्या माणसाचा पोलिसांना संशय यावा, याचा त्यांना मनस्वी राग आला. त्यातून २०५३ सालातला लेनर्ड मीड जन्मला. सगळं शहर टीव्हीपुढे बसलेलं असताना हा एकटाच रस्त्यावर फिरतो आणि रिकाम्या पोलीसगाडीतला यांत्रिक आवाज त्याला अटक करतो. कथेत मीडचं एकटेपण हाच जीव आहे. पण रंगमंचावर एकटा माणूस बोलणार कुणाशी? ब्रॅडबरींनी त्याला स्टॉकवेल नावाचा मित्र दिला. मीड त्याला टीव्हीपुढून उठवून बाहेर काढतो, रात्रीची हवा दाखवतो. वाचकाला जे निवेदनातून कळत होतं ते आता एक माणूस दुसऱ्याला पटवू लागला, आणि तिथे नाट्य सुरू झालं. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की प्रत्यक्ष प्रसंगात दोघंच होते. कथेने त्यांतला एक गाळला, नाटकाने त्याला परत बोलावलं.

हे शहाणपण सहज आलं नव्हतं. १९५०च्या दशकात लॉटन आणि निर्माते पॉल ग्रेगरी यांच्यासाठी ब्रॅडबरींनी आपल्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीचं नाटक लिहिलं होतं. दोघांनी त्यांना बाहेर नेलं, भरपूर दारू पाजली आणि मग हळूच सांगितलं की नाटक जमलेलं नाही. पुढे १९७९ साली त्यांनी ते नव्याने लिहिलं, तेव्हा पुस्तकं जाळणाऱ्या दलाचा कॅप्टन बीटी आपल्या हाताखालच्या माँटॅगला, म्हणजे नायकाला, स्वतःच्या घरी नेतो आणि न वाचलेल्या पुस्तकांनी भरलेलं आपलं ग्रंथालय दाखवतो. मूळ कादंबरीत हा प्रवेशच नाही. पात्रांना पुन्हा बोलतं केल्यावर तो लेखकाला सापडला.

लॉस एंजेलिसमध्ये या एकांकिकांचं स्वागत झालं. १९६५ साली न्यूयॉर्कला मात्र त्या काही दिवसांतच बंद पडल्या. त्याच वर्षी कोरोनेटला त्यांचं ‘द वंडरफुल आइस्क्रीम सूट’ आलं. एक पांढरा सूट वाटून घालणाऱ्या गरीब मित्रांची ही गोष्ट. त्यातून रंगभूमीवर पहिलं पाऊल टाकणाऱ्या एका तरुण नटाचं नाव एफ. मरे अब्राहम. पुढे ‘अमेडियस’मधल्या सालिएरीसाठी त्याला ऑस्कर मिळालं.

एकांकिका स्पर्धांसाठी विज्ञानकथा शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना मला म्हणूनच सांगावंसं वाटतं, की प्रोजेक्टरचं भाडं विचारण्याआधी दोन गोष्टी ठरवा. ते अद्भुत कोण पाहतंय, आणि तो ते कुणाला सांगतोय? ही दोन माणसं सापडली, तर मंगळसुद्धा रिकाम्या रंगमंचावर मावतो.