गाडीच्या गावातली गाडी

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये बोर्टन-ऑन-द-वॉटर नावाचं गाव आहे. विंडरश ही उथळ नदी, तिच्यावरचे बुटके दगडी पूल आणि कॉट्सवोल्डच्या मधाळ रंगाच्या दगडात बांधलेली घरं. तिथल्या 'ओल्ड न्यू इन' या जुन्या हॉटेलच्या मागच्या आवारात तेच गाव पुन्हा उभं आहे, नऊपट लहान. स्थानिक कारागिरांनी ते त्याच दगडात बांधलं आणि 1937 साली, राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, ते लोकांसाठी खुलं झालं. आता गाव प्रामाणिकपणे उतरवायचं तर त्यात ते हॉटेलही आलं, आणि हॉटेलच्या मागचं छोटं गावही आलं. कारागिरांनी तेही बांधलं. त्या छोट्या गावातल्या हॉटेलमागे त्याहून छोटं गाव आहे, आणि त्याच्या आत आणखी एक. खरं घर आठ मीटर उंच धरलं, तर पहिल्या प्रतिकृतीत ते 89 सेंटीमीटरचं होतं, दुसरीत जेमतेम 10 सेंटीमीटरचं आणि तिसरीत 11 मिलिमीटरचं. 2013 पासून या लहानग्या गावाला खऱ्या ऐतिहासिक वास्तूसारखं कायद्याचं संरक्षण आहे.

घर लहान करत गेलं तरी ते घरच राहतं, कारण त्याला काही करावं लागत नाही. गाडीला धावावं लागतं. म्हणून मॉडेल रेल्वेच्या लेआउटमध्ये आणखी एक मॉडेल रेल्वे बसवायची म्हटलं की प्रश्न एकदम अवघड होतो, आणि माझ्या मते या छंदातला सगळ्यात सुंदर प्रश्न हाच आहे.

जगात सर्वाधिक चालणारं माप म्हणजे एचओ. खऱ्याचा 87वा भाग, रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. हॅम्बुर्गमध्ये 2001 साली सुरू झालेलं 'मिनिआटुर वुंडरलांड' हे अवाढव्य प्रदर्शन याच मापाचं, आणि आपल्या पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालयही याच मापाचं. समजा, अशा लेआउटमधल्या एका घराच्या गच्चीवर कुणा हौशी माणसाने स्वतःचा एचओ लेआउट मांडला आहे, असं आपल्याला दाखवायचं आहे. मग पुन्हा 87 ने भागावं लागेल. 23 मीटरचा खरा डबा लेआउटवर 26 सेंटीमीटरचा झालेला असतो. गच्चीवरच्या लेआउटमध्ये तो तिळाएवढा, तीन मिलिमीटरचा होईल. रुळांतलं अंतर 0.19 मिलिमीटर. एवढ्याशा जागेत मोटर बसवणं घरच्या हत्यारांनी जमणारं नाही. तिथे बारीक ब्रशने काढलेली रेषा हाच रूळ, आणि त्यावर चिकटवलेली तारेची कपची हीच गाडी.

पण आतली गाडी बाहेरच्या गाडीचीच हुबेहूब प्रतिकृती असली पाहिजे, असं कुणी सांगितलंय? माणसं बागेत बसून फिरतात त्या गाड्याही लहानच असतात. इथून पुढे नुसता भागाकार-गुणाकार करत गेलं तरी एकेक दार उघडत जातं.

एचओपेक्षा लहान मापं बाजारात आहेत. एन मापात रुळांतलं अंतर 9 मिलिमीटर. झेड मापात साडेसहा. हे मेर्क्लिन या जर्मन कंपनीने 1972 मध्ये आणलं. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमधून आलेलं टी माप: खऱ्याचा 450वा भाग, रुळांतलं अंतर फक्त 3 मिलिमीटर, आणि तरीही आत मोटर असलेली, स्वतः धावणारी गाडी. तिची चाकं चुंबकीय असतात, कारण एवढं हलकं इंजिन नुसत्या वजनावर रूळ धरू शकत नाही.

आता हे 3 मिलिमीटर एचओच्या गावात नेऊन ठेवा. 3 गुणिले 87 म्हणजे 261 मिलिमीटर. ब्रिटनमधल्या बागांत आणि समुद्रकिनाऱ्यांवर मुलांना फिरवणाऱ्या कितीतरी गाड्या सव्वादहा इंची रुळांवर धावतात. सव्वादहा इंच म्हणजे 260 मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरचा, तोही खऱ्या जगातला. लेआउटवर तो शोधूनही सापडणार नाही. ज्यांनी टी माप काढलं त्यांच्यासमोर टोकियोच्या लोकल होत्या, बागेतली गाडी नव्हे. तरीही टी मापाचा रूळ एचओच्या गावात शिरला की आपोआप बागेतल्या गाडीचा रूळ होतो. त्या मापाचा डबा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. एचओच्या माणसाच्या दृष्टीने ती रुंदी झाली जवळपास 57 सेंटीमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना पाय सोडून वर बसावं इतकी. इंजिनाची उंची त्याच्या कमरेपर्यंत येते. तिकिटाची खिडकी, चिमुकलं फाटक आणि डब्यांवर बसवलेली मुलं एवढं मांडलं की काम झालं.

हाच हिशोब बाकीच्या मापांत करून पाहिला की हात थांबत नाही. ब्रिटनमधल्या ओ मापात, म्हणजे 43.5व्या भागात, एनचा 9 मिलिमीटरचा रूळ 391 मिलिमीटरचा होतो. तिथल्या लहान रेल्वेंचं 15 इंची माप 381 मिलिमीटरचं आहे. अंगणात मांडतात त्या जी मापात, म्हणजे साडेबाविसाव्या भागात, टीचा रूळ 67.5 मिलिमीटरचा होतो आणि खऱ्या वाफेवर चालणाऱ्या अडीच इंची मॉडेलच्या अगदी जवळ जातो. बाराव्या भागाच्या बाहुलीघरात तोच रूळ 36 मिलिमीटरचा, म्हणजे दिवाणखान्यात गालिच्यावर मांडलेल्या पत्र्याच्या खेळण्यातल्या गाडीएवढा. खऱ्या अर्थाने मॉडेलच्या आतलं धावतं मॉडेल हवं असेल, तर ते या शेवटच्या दोन ठिकाणी जमतं.

या सगळ्यातून मला उमगलेली गोष्ट अशी, की लेआउटवर कुठल्याही वस्तूचं माप तिच्या स्वतःच्या अंगात नसतं. ते तिच्या शेजारी कोण उभं आहे यावर ठरतं. लेआउट बांधणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे: पुढे एचओची गाडी, मागे डोंगराच्या उतारावर एनची. मागची गाडी लहान आहे हे डोळा मान्यच करत नाही. ती लांब आहे असं समजतो. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे जॉन ॲलन यांनी बांधलेला 'गोरी अँड डिफीटेड' हा लेआउट अशाच दृष्टिभ्रमासाठी आणि आरशांच्या वापरासाठी जगभर गाजला. 1973 मध्ये ॲलन गेले आणि काही दिवसांतच लागलेल्या आगीत तो लेआउटही गेला. तर, मागे लांबची म्हणून खपलेली तीच एनची गाडी उचलून पुढे आणा आणि तिच्याशेजारी एचओचा दोन सेंटीमीटरचा माणूस वाकलेला ठेवा. त्या क्षणी ती लांबची राहत नाही, लहान होते. गाडीत काहीच बदललेलं नसतं. म्हणून आतल्या रेल्वेचा खरा कारागीर तो माणूस असतो. त्याची मान कुठे वळली आहे, हात गुडघ्यावर आहे की कमरेवर, यावर सगळा परिणाम अवलंबून आहे. रुळांवर हजार रुपये घालवून शेजारी कुठली तरी आडवी-तिडवी बाहुली चिकटवणाऱ्यांनी थोडा वेळ या माणसाला द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

गाडी लहान करण्याचं हे गणित आधी खऱ्या जगात झालं आणि मग टेबलावर आलं. सर आर्थर हेवूड या इंग्रज जमीनदाराने 1874 च्या सुमारास डफील्ड बँक या आपल्या घराच्या आवारात 15 इंची रेल्वे टाकली. सामान आणि माणसं वाहून नेण्यासाठी रेल्वे कमीत कमी किती लहान असली तरी चालेल, हे त्याला शोधायचं होतं. पुढे नॉर्दॅम्प्टनचे बॅसेट-लोक हे मॉडेल बनवणारे व्यावसायिक याच मापाकडे वळले. लेक डिस्ट्रिक्टमधली रॅव्हनग्लास ते एस्कडेल ही बंद पडलेली तीन फुटी रेल्वे 1915 पासून 15 इंची करून पुन्हा चालवण्यात त्यांच्या मंडळींचा हात होता. म्हणजे खेळण्यातल्या इंजिनांचे लोक खरी रेल्वे चालवू लागले होते.

त्याचं सगळ्यात देखणं रूप केंट परगण्यातल्या रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वेत दिसतं. कॅप्टन हाउवी आणि काउंट झ्बोरोव्स्की हे दोघे मोटरशर्यतींचे शौकीन. मोठ्या गाडीसारखी दिसणारी, खऱ्या वेगाने धावणारी लहान रेल्वे त्यांना हवी होती. हेन्री ग्रीनली या मॉडेल इंजिनांच्या जाणकाराने आराखडे केले. झ्बोरोव्स्की 1924 मध्ये मोंझाच्या शर्यतीत मारला गेला. हाउवीने काम पुरं केलं आणि 1927 मध्ये गाडी सुरू झाली. 15 इंच म्हणजे प्रमाण मापाच्या चौथ्या भागाहून जरासं जास्त, पण इंजिनं तिसऱ्या भागाची बांधली. रुळांच्या मानाने ती भरदार दिसतात आणि त्यामुळे त्यांचा रुबाब वाढतो. या रेल्वेच्या न्यू रॉम्नी स्टेशनात मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन आहे. मोठ्या रेल्वेची लहान आवृत्ती, आणि तिच्या पोटात त्याहून लहान गाड्या. ओ मापाच्या लेआउटवर एनचे रूळ वापरून कुणी हे स्टेशन उभं केलं, तर आतल्या प्रदर्शनासह ती साखळी आणखी एक कडी खाली जाईल.

आपल्याकडे ही साखळी मुद्दाम शोधावी लागत नाही. नेरळ-माथेरानची गाडी 1907 पासूनची, दोन फुटी. 610 मिलिमीटरला 87 ने भागलं की 7 येतात. झेडचा साडेसहाचा रूळ तिथे डोळ्याला पुरेसा जवळचा वाटतो. जर्मनीतल्या बुश कंपनीची खाणीतली 600 मिलिमीटरची गाडी याच मापावर एचओमध्ये मिळते. बार्शी लाइट रेल्वे आणि विदर्भातली शकुंतला अडीच फुटी होत्या. 762 ला 87 ने भागून पावणेनऊ येतात, म्हणजे एनचा रूळ तयारच आहे. त्यामुळे खाली नेरळला ब्रॉडगेज, वर माथेरानची चढण, आणि गावात एखाद्या बागेत टीच्या रुळांवरची मुलांची गाडी, अशी तीन मापं एका टेबलावर नांदू शकतात. (ब्रॉडगेजच्या बाबतीत मात्र मन घट्ट करावं लागतं. आपलं 1676 मिलिमीटरचं माप एचओमध्ये 19 मिलिमीटरहून जास्त भरतं आणि तयार रूळ साडेसोळाचेच मिळतात. आपल्या गाड्या लेआउटवर थोड्या चिंचोळ्या रुळांवरच उभ्या असतात.)

आता प्रत्यक्ष बांधणीकडे. टीची गाडी परदेशातून मागवावी लागते आणि नाजूक असते. केसाएवढा धागा चाकात गेला तरी ती थांबते. म्हणून बरेच जण फिरत्या चकतीचा मार्ग घेतात, आणि मला तो कमी प्रतीचा वाटत नाही. 16 सेंटीमीटर व्यासाची ॲक्रिलिकची चकती, खाली गिअर लावलेली संथ मोटर, चकतीच्या काठावर रंगवलेले रूळ आणि त्यावर चिकटवलेली गाडी. मधला हिरवळीचा तुकडा वेगळा, न फिरणाऱ्या दांड्यावर बसवायचा. बाहेरच्या फटीवर झुडपं झुकवली की फट दिसत नाही. गाडी अर्ध्या वाटेत छोट्या बोगद्यात शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली, तर ती चकतीवर आहे याचा संशयही येत नाही.

मात्र वेग सांभाळला पाहिजे, आणि बहुतेक लेआउट इथेच फसतात. बागेतली गाडी ताशी 15 किलोमीटरने जाते असं धरू. एचओमध्ये हा वेग सेकंदाला 4.8 सेंटीमीटर होतो. 16 सेंटीमीटरच्या चकतीचा घेर 50 सेंटीमीटर, म्हणजे एका फेरीला साधारण साडेदहा सेकंद लागायला हवेत आणि मिनिटाला जवळपास सहा फेऱ्या व्हायला हव्यात. त्याहून वेगाने फिरली तर वर बसलेली मुलं फेकली जातील असं वाटतं. हाच 4.8 सेंटीमीटरचा वेग टीच्या मूळ मापात ताशी 78 किलोमीटर असतो. एकाच गाडीचा एकच वेग, पण शेजारच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या आईने तो ठरवला तर 15 आणि टोकियोच्या प्रवाशाने ठरवला तर 78.

टीची खरी गाडीच लावायची असेल, तर तिला वेगळा वीजपुरवठा द्या. ती चार-साडेचार व्होल्टवर चालते, एचओ बारावर. चुकून जोडणी एक झाली तर एवढीशी मोटर वाचत नाही. जागा निवडताना लेआउटचा पुढचा काठ घ्या. पाहणाऱ्याचा चेहरा एक फुटावर यायला हवा, नाहीतर इतकं सगळं कुणाला दिसणारही नाही.

एवढ्या खटाटोपाचं कारण माझ्यापुरतं स्पष्ट आहे. लेआउटवरची माणसं एरवी गाडीची वाट पाहतात, हमाली करतात, फलाटावर घाईने चालतात. गाडी त्यांची गरज असते. बागेतल्या चिमुकल्या रुळांपाशी उभ्या असलेल्यांना कुठेही जायचं नसतं. तिकीट काढून ती सगळी जिथून निघाली तिथेच परत येतात. लेआउट बांधणारा माणूस गाडीवर जसं प्रेम करतो, तसं करणारं कुणीतरी त्या गावातही राहतं, हे त्या एका वर्तुळावरून कळतं.

पुणेकरांना तर नमुना शोधायला दूर जायचं कारण नाही. पेशवे उद्यानातली फुलराणी 1956 मध्ये सुरू झाली आणि तिच्यात बसलेल्या तीन पिढ्या शहरात आहेत. कुणी तिचं मॉडेल करायला घेणार असेल, तर तयार आकड्यांवर न विसंबता टेप घेऊन जावं. रुळांतलं अंतर, डब्याची रुंदी, बसलेल्या मुलाच्या डोक्यापर्यंतची उंची ही तीन मापं घ्यावीत, 87 ने भागावं आणि त्यानंतर टी, झेड की चकती ते ठरवावं. डब्यांचे रंग मात्र लहानपणी त्यात बसलेल्या माणसांना विचारून घ्यावेत, आणि एकाला नव्हे, चौघांना विचारावं.