संमोहन : मोहिनी कुणाची, गुण कशाचा?

पणजीला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे. गोव्याला जाऊन आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल. एक धर्मगुरू दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री मागे कलंडत आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभारला गेला. कलाकृती म्हणून तो उत्तमच. पण पाहणाऱ्याला वाटते, फादरांच्या बोटांतून काही शक्ती निघाली आणि ती बाई पडली. फारियांनी मात्र नेमके याच्या उलट सांगितले होते.

हे आठवायला कारण घडले. भातकापणी आटोपल्यावर धर्मग्रामातील एक भगिनी माझ्याकडे आली. तिच्या नवऱ्याचे पोट तीन वर्षे दुखत आहे. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. बसने कुठे निघायचे म्हटले की पोटात मुरडा. रक्त, शौच, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सारे झाले. आतड्यांत दोष सापडला नाही. औषधांनीही गुण नाही. आता डॉक्टरांनी संमोहनाचा उपचार सुचवला होता. "फादर, त्यात माणूस दुसऱ्याच्या ताब्यात जातो म्हणे. पाप तर लागणार नाही ना?"

प्रश्न भाबडा नाही. अठराव्या शतकात पॅरिसच्या शहाण्यासुरत्या लोकांनाही तसेच वाटत होते. मेस्मर नावाचा वैद्य म्हणे, माझ्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह रोग्यात जातो व तो बरा होतो. राजाने नेमलेल्या समितीने १७८४ साली तपास करून सांगितले, की असा प्रवाह नाही. घडते ते कल्पनेने. मग कल्पनेने एवढे कसे घडते, हा प्रश्न तसाच राहिला. बार्देशातील कांदोळीला १७५६ साली जन्मलेल्या आणि रोममध्ये गुरुदीक्षा घेतलेल्या फारियांनी तो उचलला. १८१३ पासून ते पॅरिसमध्ये प्रयोग दाखवीत. माणसाला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगायचे आणि ठामपणे म्हणायचे, "झोपा!" काहींना मोहनिद्रा लागे, काहींना मुळीच नाही. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की किल्ली माझ्या हातात नाही. ती समोर बसलेल्याच्या मनात, त्याच्या तयारीत आहे. लोक हसले. त्यांची टिंगल करणारे नाटकही रंगभूमीवर आले. १८१९ साली ते वारले, त्याच वर्षी त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे फ्रान्सच्याच नान्सी शहरातील डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे उचलून धरले.

आपल्या देशातही याचा मोठा वापर झाला. क्लोरोफॉर्म येण्यापूर्वी, १८४५ साली, बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने रोग्यांना मोहनिद्रेत नेऊन मोठमोठ्या गाठी कापून काढल्या.

आज काय म्हणतात? संमोहन ही झोप नव्हे. रोगी जागा असतो, त्याला ऐकू येते. लक्ष एका ठिकाणी खिळलेले असते व सूचना मनावर अधिक ठसते. वेदना, दंतवैद्याची धास्ती, भाजलेल्या जखमेच्या मलमपट्टीतील कळा यांत काहींना आराम मिळतो. पोटाच्या या तक्रारीत, जिला डॉक्टर आय. बी. एस. म्हणतात, पुरावा बराच चांगला आहे. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ साली औषधांना दाद न देणाऱ्या तीस रोग्यांवर तुलना करून पाहिली. संमोहन मिळालेल्यांना स्पष्ट फरक पडला. ब्रिटनमधील २००८ सालच्या वैद्यकीय मार्गदर्शनातही, वर्षभर औषधे घेऊन गुण न आलेल्यांसाठी हा पर्याय सुचवला आहे. पोटावर हात ठेवून ऊब अनुभवायची, आतडे संथ नदीसारखे वाहते आहे असे मनात आणायचे; आठवड्याला एक बैठक, अशा काही बैठका.

पण मधुमेह, क्षय, कर्करोगाची गाठ यांना सूचना ऐकू येत नाहीत. संमोहनावर भिस्त ठेवून औषध बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ. विडी-सिगारेट सोडवण्याचे दावे मोठे, पुरावा तोकडा. आणि दागिना कुणी चोरला हे संमोहनात विचारणे तर घातकच, कारण त्या अवस्थेत माणूस न घडलेलेही खरे समजून सांगतो. जत्रेतल्या जादूगाराचे खेळ मी धरतच नाही. ज्यांना भास होतात, त्यांनी मनोविकारतज्ज्ञाखेरीज कुणाकडे जाऊ नये.

पापाविषयी म्हणाल, तर पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना, डॉक्टरने उपचारासाठी, शास्त्र व नीती सांभाळून केलेले संमोहन गैर मानले नाही. मात्र हौसेने करायची ही गोष्ट नव्हे, असेही बजावले.

मी त्या भगिनीला एवढेच विचारले : शौचातून रक्त? वजन घटले? ताप? रात्री दुखण्याने जाग? यांतले काही असते, तर आधी पुन्हा डॉक्टर. तसे काही नव्हते. मग उपचार करणाऱ्याची पदवी विचारून घे, म्हटले. नवरा गेला आणि चिडून परतला. "फादर, झोप लागलीच नाही. सगळे ऐकू येत होते. पैसे पाण्यात!" त्याला बसवून फारियांची गोष्ट सांगितली. येत्या गुरुवारी तो पुन्हा जाणार आहे.