तंतुकणिका : रूपक, पटल आणि पेप्टाइड

‘तंतुकणिका’ ही मराठी जीवशास्त्रातील संज्ञा शब्दशः भाषांतराचे बोलके उदाहरण होय. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेन्डा यांनी १८९८ मध्ये ‘धागा’ आणि ‘कण’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव घडविले. मराठीने ‘तंतुकणिका’ आणि हिंदीने ‘सूत्रकणिका’ असे त्याचे रूपांतर केले. ही नावे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे रूप सांगतात. कार्याविषयी ती मौन बाळगतात. १९५७ मध्ये फिलिप सीकेविट्झ यांनी तंतुकणिकेला पेशीचे वीजगृह म्हटले. हे रूपक पुढे पाठ्यपुस्तकांत इतके रुजले की, ते रूपक आहे याचाच विसर पडला.

मात्र या रूपकाची एक मर्यादा आहे. वीजगृहाची भिंत यंत्रांना केवळ आसरा देते. तंतुकणिकेत भिंत हीच यंत्रणेचा भाग असते. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार आंतरपटलाच्या एका बाजूस प्रोटॉन साठविले जातात आणि त्यांच्या परतीच्या प्रवाहावर एटीपी हे ऊर्जावाहक द्रव्य तयार होते. या पटलाला असंख्य घड्या असतात. त्या घड्यांचा आकार व त्यांतील प्रथिनसमूहांची जुळणी टिकविण्यात कार्डिओलिपिन या मेदद्रव्याचा मोठा वाटा असतो. मेरी पँगबॉर्न यांनी १९४२ मध्ये ते गोवंशाच्या हृदयातून वेगळे केले. नावातील ‘कार्डिओ’ ही त्याचीच खूण होय.

कार्डिओलिपिन बिघडले की काय होते, हे बार्थ विकारात दिसते. डच वैद्यक पीटर बार्थ यांनी १९८३ मध्ये वर्णिलेला हा दुर्मीळ आनुवंशिक विकार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. टॅफॅझिन जनुकातील दोषामुळे कार्डिओलिपिन परिपक्व होत नाही; परिणामी हृदय व स्नायू दुर्बल होतात, थकवा येतो आणि संसर्गाचा धोका वाढतो.

या ठिकाणी एलामिप्रेटाइड या पेप्टाइडचा संबंध येतो. हेझल झेटो आणि पीटर शिलर यांच्या संशोधनातून ते पुढे आले. त्यांचे मूळ काम अफूसदृश वेदनाशामक पेप्टाइडांवर होते. तंतुकणिकेत साचणारे रेणू हाती लागणे ही त्यातील अनपेक्षित प्राप्ती होती. अवघ्या चार अमिनो आम्लांच्या या साखळीत धनभारित व सुगंधी गट आलटून पालटून येतात. त्यामुळे ती पेशीत शिरून आंतरपटलावरील ऋणभारित कार्डिओलिपिनशी जुळते. आरंभी तिचा परिणाम मुख्यतः ऑक्सिडीकरणरोधक गुणाशी जोडला गेला. पुढे पटलाची रचना सावरण्याच्या क्रियेवर भर आला. रेणू तोच राहिला, त्याचे वाचन बदलले.

‘लक्ष्यवेधी’ हे विशेषण मात्र सावधपणे घ्यावयास हवे. लक्ष्यापर्यंत पोहोचणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे. प्राथमिक तंतुकणिकीय स्नायुविकाराच्या २१८ रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीत मुख्य निकष साध्य झाले नाहीत, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बार्थ विकाराच्या चाचणीत रुग्ण केवळ १२ होते. तिच्या तुलनात्मक टप्प्यात औषध व निष्क्रिय द्रव्य यांत मुख्य निकषांवर फरक आढळला नाही. सर्वांना औषध देऊन केलेल्या पुढील दीर्घ टप्प्यात चालण्याचे अंतर व स्नायुबल वाढलेले दिसले. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५ मध्ये मान्यता नाकारली. सप्टेंबर २०२५ मध्ये गुडघा ताठ करणाऱ्या स्नायूंच्या बळातील वाढीच्या आधारे, किमान ३० किलो वजनाच्या रुग्णांसाठी, त्वरित मान्यता दिली. अशा मान्यतेत लाभाची पुष्टी पुढील अभ्यासाने करावयाची असते.

रुग्णांची संख्याच अत्यल्प असता पुरेसा पुरावा कशास म्हणावे, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. पुराव्याची वाट पाहण्याची किंमत रुग्ण मुलाला मोजावी लागते. पुराव्याआधी विश्वास ठेवण्याची किंमतही तोच मोजतो. ‘वीजगृह’ हे रूपक ऊर्जा वाढविण्याचे आश्वासन सुचविते. प्रत्यक्षात हे पेप्टाइड भिंत सावरण्याचा यत्न करते. रूपकातील आणि वस्तुस्थितीतील हे अंतर ओळखणे, हे साहित्याच्या अभ्यासकाचे परिचित कार्य येथेही तितकेच आवश्यक ठरते.